निमंत्रण कोणापर्यंत पोहोचते?

25 सप्टेंबर 2021 च्या 'द लॅन्सेट'च्या मुखपृष्ठावर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत छापले होते. 'योनी असलेल्या शरीरां'ची रचना आणि कार्य यांकडे इतिहासात दुर्लक्ष झाले, असा त्याचा आशय होता. हे वाक्य लंडनच्या व्हजायना म्युझियममधील मासिक पाळीवरच्या प्रदर्शनाविषयी लिहिलेल्या एका लेखातून उचललेले होते. लेखात 'स्त्रिया' हा शब्दही होता, पण मुखपृष्ठासाठी निवडलेल्या वाक्यात तो नव्हता. 1823 पासून निघणाऱ्या, जगभरचे डॉक्टर वाचतात अशा या साप्ताहिकावर चहूकडून टीका झाली. स्त्रियांकडे झालेले दुर्लक्ष सांगणाऱ्या वाक्यातूनच स्त्री गायब व्हावी, हे अनेक डॉक्टर स्त्रियांना सहन झाले नाही. त्याच आठवड्यात 'लॅन्सेट'ने प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी समाजमाध्यमावर लिहिताना 'सुमारे एक कोटी पुरुष' असे सरळ म्हटले होते. तिथे 'प्रोस्टेट असलेली शरीरे' आली नव्हती. मुख्य संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी, स्त्रियांना माणूसपणापासून तोडल्याची आणि बाजूला सारल्याची भावना निर्माण झाल्याबद्दल माफी मागितली. ट्रान्स व्यक्तींचे आरोग्य हा महत्त्वाचा विषय आहे, हेही त्यांनी सोबत सांगितले.

या वादात दोन्ही बाजूंचे आवाज आज इतके चढलेले आहेत की मूळ प्रश्न ऐकूच येत नाही. आरोग्यविषयक मजकूर कशासाठी लिहितात? कोणीतरी तो वाचावा, हे आपल्यासाठी आहे हे त्या माणसाला समजावे आणि त्याने वेळेवर तपासणीला किंवा दवाखान्यात यावे, यासाठी. या कसोटीवर पाहिले तर माझे मत स्पष्ट आहे. सर्वांसाठी लिहिलेल्या मजकुरातून 'स्त्री' हा शब्द काढणे चुकीचे आहे, कारण त्याची किंमत सर्वांत कमी माहिती असलेली बाई चुकवते. त्या शब्दाशेजारी इतरांसाठी जागा करणे मात्र योग्य आहे आणि त्याने कोणाचेही काही जात नाही. काढणे आणि जोडणे यांतला हा फरक वादाच्या गदारोळात सतत पुसला जातो.

शब्द बदलण्याची मागणी हवेतून आलेली नाही. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेली पण स्वतःला पुरुष मानणारी आणि पुरुष म्हणून जगणारी माणसे, म्हणजे ट्रान्स पुरुष, गरोदर राहू शकतात. त्यांच्यातल्या अनेकांना गर्भाशय असते, पाळी येते, गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणाऱ्या काहींचेही तसेच. प्रसूतिगृहात प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक भिंतीवर 'माता' एवढाच शब्द असेल तर त्यांना आपण चुकीच्या जागी आलो आहोत असे वाटते. उत्तर अमेरिकेतील सुईणींच्या 'मिडवाइव्ज अलायन्स' या संघटनेने 2014 मध्ये आपल्या व्यावसायिक निकषांमधून 'स्त्री' हा शब्द बहुतेक ठिकाणी काढून त्याजागी गरोदर व्यक्ती, बाळंत होणारी व्यक्ती अशी रचना केली. पुढच्याच वर्षी अनेक सुईणींनी जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला. फेब्रुवारी 2021 मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन अँड ससेक्स रुग्णालय समूहाने प्रसूतिसेवेसाठी भाषेची मार्गदर्शिका काढली, तेव्हा 'आता आई म्हणायला बंदी' अशा थाटाचे मथळे झळकले. प्रत्यक्षात त्या मार्गदर्शिकेत 'स्त्रिया आणि बाळंत होणाऱ्या व्यक्ती' असे जोडून लिहायला सांगितले होते. स्त्री, आई, स्तनपान हे शब्द ठेवूनच त्यांच्यासोबत दुसरे शब्द वापरायचे, आणि समोर एकच रुग्ण असेल तर तिला किंवा त्याला जे शब्द हवेत ते वापरायचे, अशी ती भूमिका होती. मथळे देणाऱ्यांनी मार्गदर्शिका नीट वाचली असती तर पुढचा निम्मा गोंधळ टळला असता.

खरी अडचण जोडण्यात नव्हती, ती काढण्यात होती, आणि काढण्याचेही प्रसंग घडले. जून 2022 मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी दाखवून दिले की राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या संकेतस्थळावरील अंडाशय, गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या माहितीतून सुरुवातीचा 'स्त्रिया' हा शब्द गेला आहे. तेव्हाचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनीही त्यावर नापसंती व्यक्त केली. अंडाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण यात फार बोलके आहे. पोट फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही त्याची लक्षणे इतकी साधी असतात की बायका ती अपचनावर किंवा वयावर ढकलतात आणि रोग उशिरा कळतो. अशा रोगाच्या पानावर पहिल्या ओळीतच 'हे स्त्रियांना होते' असे लिहिलेले असणे ही वाचणारीला थांबवणारी खूण असते. पुढे कितीही अचूक वैद्यकीय मजकूर असला तरी ती खूण नसेल तर पान पालटले जाते.

यावर सहज येणारा आक्षेप असा की 'गर्भाशयमुख असलेल्या व्यक्ती' ही रचना उलट अधिक अचूक आहे. ज्याला अवयव आहे त्यालाच तपासणी हवी, मग अवयवाचेच नाव घ्यावे. हा आक्षेप कागदावर बिनतोड वाटतो, पण आपल्याला तो अवयव आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते, असे तो गृहीत धरतो. ब्रिटनमध्ये 2019 मध्ये 'यूगव्ह' या संस्थेने केलेल्या पाहणीत स्त्रीशरीराच्या आकृतीवर योनी कोणती हे जवळपास निम्म्या स्त्रियांना दाखवता आले नव्हते. गर्भाशयमुख तर बाहेरून दिसतही नाही. शिकलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या समाजात ही स्थिती असेल, तर तिथे नव्याने आलेल्या, इंग्रजी कसेबसे वाचणाऱ्या बाईचे काय होईल? आपण बाई आहोत हे तिला पक्के माहीत असते. आपल्याला 'सर्व्हिक्स' आहे हे माहीत असेलच असे नाही.

याचा एक ठोस पुरावा इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत मिळाला. तिथे पहिल्यांदाच लिंगभावाविषयी प्रश्न विचारला गेला: जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि तुम्ही स्वतःचे मानता ते लिंग एकच आहे का? सुमारे 2 लाख 62 हजार लोकांनी 'नाही' असे उत्तर दिले. आकडे भागांनुसार पाहिल्यावर अभ्यासक चक्रावले. हे प्रमाण लंडनमधील न्यूहॅम आणि ब्रेंट या भागांत सर्वाधिक निघाले होते. दोन्ही भागांत परदेशातून आलेले आणि इंग्रजी ही मुख्य भाषा नसलेले लोक मोठ्या संख्येने राहतात. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी दाखवून दिले की ज्यांचे इंग्रजी कच्चे होते त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रश्नच कळलेला नसावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने अखेर तशी शक्यता मान्य केली आणि सप्टेंबर 2024 मध्ये या आकड्यांचा 'अधिकृत मान्यताप्राप्त' हा दर्जा काढून घेण्यात आला. ज्या प्रश्नाची अनेक वर्षे चाचणी झाली होती तोही इतक्या लोकांना उलटा कळला. मग दवाखान्याच्या भिंतीवरच्या, चाचणी न झालेल्या वाक्याचे काय होत असेल याचा विचार करायला हवा. कॅर्लीन ग्रिबल, सुझन ब्यूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये 'फ्रंटियर्स इन ग्लोबल विमेन्स हेल्थ' या नियतकालिकात गर्भारपण आणि स्तनपानाच्या भाषेवर लिहिलेल्या लेखाचा एक मुख्य मुद्दा हाच होता: कमी शिक्षण, परकी भाषा, मतिमंदत्व यांमुळे आधीच मागे पडलेल्या स्त्रियांना आडवळणाची भाषा आणखी दूर लोटते.

माझा युक्तिवाद अप्रत्यक्ष पुराव्यावर उभा आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. शरीराविषयीचे अज्ञान आणि भाषेचा अडसर यांवरून मी निष्कर्ष काढतो आहे. पण रूढ आणि सर्वांना कळणारा शब्द बदलायचा असेल, तर बदलाने नुकसान होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी बदलणाऱ्यावर असते. औषधाच्या बाबतीत आपण हा नियम बिनतक्रार मानतो. इथे तर शब्द न काढताही सर्वांना सामावून घेणारा मार्ग उपलब्ध आहे, त्यामुळे धोका पत्करण्याचे कारणच उरत नाही.

'स्त्री' हा शब्द वैद्यकात सहजासहजी आलेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. गरोदरपणी घेतल्यास बाळांत व्यंग निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या शोकांतिकेनंतर सावध झालेल्या अमेरिकी औषध प्रशासनाने 1977 मध्ये, मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याची सूचना काढली. हेतू संरक्षणाचा होता, पण परिणाम असा झाला की अनेक औषधांची मात्रा पुरुषांच्या शरीरावरून ठरली आणि स्त्रियांना तीच दिली गेली. 1993 मध्ये अमेरिकेत सरकारी निधीवरच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. तरीही झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा निम्म्यावर, 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला 2013 उजाडले. तोवर वीस वर्षे स्त्रिया ती गोळी पुरुषांच्या मात्रेत घेत होत्या आणि सकाळी गाडी चालवताना त्यांच्या रक्तात औषध शिल्लक राहत होते. स्त्रियांची वेगळी नोंद करा, वेगळे आकडे ठेवा, ही मागणी लावून धरणाऱ्यांनी मिळवलेला हा शब्द आहे. तो आता नकोसा ठरवला जातो तेव्हा त्यांना वेदना होतात, आणि त्या वेदनेला द्वेष म्हणणे अन्याय आहे.

अवयवाचे नाव घेऊन भागत नाही याचे आणखी एक कारण आहे. स्त्रीआरोग्यातल्या पुष्कळ गोष्टी अवयवामुळे घडत नाहीत, त्या बाई म्हणून मिळणाऱ्या वागणुकीमुळे घडतात. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली होती. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून उचल द्यायची, एक दिवस खाडा झाला की मुकादमाने पैसे कापायचे, फडावर ना संडास ना आडोसा, आणि अंगावर पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की पिशवी काढण्याचा सल्ला. या साखळीतली प्रत्येक कडी बाईपणाशी जोडलेली आहे. या बातमीत 'गर्भाशय असलेल्या व्यक्ती' असे लिहिले तर शस्त्रक्रिया दिसेल, पण ती का झाली हे दिसणार नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2021 मध्ये एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे 1993 चे गर्भपाताच्या हक्काविषयीचे उद्गार उद्धृत करताना 'स्त्री' काढून चौकटी कंसात 'व्यक्ती' घातले आणि नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला. गिन्सबर्ग यांचा सारा मुद्दा स्त्रीला समान वागणूक मिळण्याविषयी होता. शब्द बदलल्यावर त्यांचा युक्तिवादच नाहीसा झाला.

मग ट्रान्स पुरुषांचे काय? इथे दुसऱ्या बाजूचे पुरावे भक्कम आहेत आणि ते बाजूला सारणे मला मान्य नाही. बॉस्टनच्या फेनवे हेल्थ या केंद्रातील नोंदींवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रान्स पुरुषांच्या गर्भाशयमुखाच्या 10.8 टक्के पॅप तपासण्या अपुऱ्या नमुन्यामुळे वाया गेल्याचे आढळले; ट्रान्स नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 1.3 टक्के होते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे पेशींत होणारे बदल हे त्याचे एक कारण; तपासणीच्या टेबलावर रुग्ण आणि तपासणारा या दोघांनाही वाटणारा अवघडलेपणा हे दुसरे संभाव्य कारण. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मे 2019 मध्ये आलेली घटना तर हृदय पिळवटणारी आहे. पोटात तीव्र दुखत असलेला 32 वर्षांचा एक पुरुष अमेरिकेतील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आला. आपण ट्रान्स आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आली आहे, हे त्याने परिचारिकेला सांगितले. संगणकावर त्याची नोंद 'पुरुष' अशी होती. लठ्ठपणा आणि बंद केलेली रक्तदाबाची औषधे यांकडे लक्ष गेले आणि प्रकरण तातडीचे नाही असे ठरले. काही तासांनी डॉक्टरांनी तपासले तेव्हा तो बाळंतपणाच्या उंबरठ्यावर होता, नाळ खाली घसरली होती आणि बाळाचे ठोके सापडत नव्हते. बाळ मृत जन्मले.

ही घटना सर्वसमावेशक भाषेच्या समर्थनार्थ सांगितली जाते. मला तिच्यात वेगळा धडा दिसतो. त्या माणसाला आदराने पुरुष म्हटले गेले होते, नोंदही त्याच्या इच्छेप्रमाणे होती. ज्या माहितीवर जीव अवलंबून होता, म्हणजे या शरीरात गर्भाशय आहे ही माहिती, तिला मात्र नोंदीत जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये 25 ते 64 वयोगटातील स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीचे निमंत्रण आपोआप जाते. पण दवाखान्यात 'पुरुष' म्हणून नोंद असलेल्या ट्रान्स पुरुषाला ते आपोआप जात नाही आणि 'स्त्री' म्हणून नोंद असलेल्या, गर्भाशय नसलेल्या ट्रान्स स्त्रीला जाऊ शकते. पत्रकातला शब्द बदलून ट्रान्स पुरुषाला निमंत्रण मिळत नाही. त्यासाठी दवाखान्याच्या नोंदीत माणूस स्वतःला काय मानतो यासाठी एक रकाना आणि शरीरात कोणते अवयव आहेत यासाठी दुसरा रकाना असावा लागतो. डॉक्टर, परिचारिका यांचे प्रशिक्षण असावे लागते. हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे. पत्रकातला शब्द बदलणे स्वस्त असते, म्हणून संस्था आधी तेच करतात आणि समावेश झाल्याचे समाधान मानतात. ट्रान्स पुरुषांची याहून मोठी फसवणूक नाही.

भारतात हा प्रश्न न्यायालयाच्या दारी आला आणि तिथे तो ब्रिटनपेक्षा शहाणपणाने हाताळला गेला, असे मला वाटते. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 20 ते 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा हक्क आहे असा निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्यात 'स्त्री' हाच शब्द ठेवला, आणि सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकेल अशा इतर लिंगभावाच्या व्यक्तीही या शब्दात समाविष्ट आहेत, असा खुलासा एका वाक्यात केला. निकालाचा सारा गाभा स्त्रीच्या स्वायत्ततेचा होता, तो अबाधित राहिला आणि कोणालाही दाराबाहेर ठेवले गेले नाही. एप्रिल 2024 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने 'गरोदर व्यक्ती' ही रचना वापरली आणि तिचे कारण तळटीपेत दिले. कायद्याच्या निकालात हे चालून जाते, कारण तो वकील वाचतात. केरळमध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये एका ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. जन्मदाखल्यावर 'आई' आणि 'वडील' याऐवजी 'पालक' असे लिहावे ही त्याची आणि त्याच्या जोडीदाराची मागणी उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मान्य केली. ती मलाही रास्त वाटते. एका माणसाच्या कागदावर त्याला हवा तो शब्द असावा, त्याने दुसऱ्या कोणाचा दाखला बदलत नाही.

लाखोंसाठीच्या मजकुराची गोष्ट निराळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त 1.9 टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली होती. आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणीदेखील त्याचे मृत्यू लक्षणीय कमी करते हे जगाला दाखवले. तो अभ्यास उभा राहिला तो गावोगावी जाऊन बायकांना समजावणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या बळावर. ज्या देशात 98 टक्के बायका तपासणीपर्यंत पोहोचलेल्याच नाहीत, तिथे आशाताईने घरात जाऊन 'पिशवीच्या तोंडाची तपासणी तिशीनंतरच्या प्रत्येक बाईने करावी' असे सांगणे याला पर्याय नाही.

ट्रान्स पुरुषांची संख्या थोडी आहे, मग त्यांच्यासाठी शब्द कशाला खर्च करायचे, असाही आक्षेप घेतला जातो. त्याला माझे उत्तर असे की रोग संख्या विचारून येत नाही, आणि दवाखाना पाहूनच जो माघारी फिरतो त्याला एका वाक्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. जोडण्याचा खर्चही फार नाही. पत्रकावर वर मोठ्या अक्षरांत बाई हा शब्द राहावा, आणि खाली तितक्याच सोप्या मराठीत लिहावे: तुम्ही पुरुष म्हणून जगत असाल आणि तुमची गर्भपिशवी काढलेली नसेल, तर ही तपासणी तुमचीही आहे; येण्याआधी फोन करा, वेगळी वेळ आणि वेगळी खोली मिळेल. फोन उचलणाऱ्याला ती खोली कोणती हे ठाऊक असेल, याची व्यवस्था पत्रक छापण्याच्या आधी करावी लागेल.